तान्हा पोळा आणि माझी ढोरमेहनत

काटोलकडच्या शेतकऱ्याच्या घरात जन्म काढलेल्या बाईला पोळ्याचं काय कौतुक? आदल्या दिवशी खांदमळणी. बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळायची, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या" म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पुरणाला भिडायचं. हे सगळं मी डोळे मिटून करते. माझा जीव निघतो तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपुरात, वीतभर उंचीच्या लाकडी बैलापुढे.

तान्हा पोळा हा लेकरांचा पोळा. चाकांवरचे लाकडी बैल सजवायचे, मिरवायचे आणि मग घरोघरी नेऊन बोजारा, म्हणजे पोरांना मिळणारे पैसे, गोळा करायचा. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली ही रीत घातली असं नागपूरकर सांगतात. राजाचं काय जाते! हुकूम सोडला की झालं. झुली शिवायला घरोघरी आज्या होत्याच.

आमच्याकडची खरी जोडी विकून आता बरीच वर्षं झाली. सोयाबीन आलं तशी ज्वारी गेली, ज्वारीबरोबर कडबा गेला, आणि सालदार तर त्याच्याही आधीच गेला होता. संत्र्याच्या बागेत आता छोटा ट्रॅक्टर फिरतो. ह्यांचं गणित असं की ट्रॅक्टर उभा राहिला तर डिझेल पीत नाही, बैल बसला तरी खातो. गणितात चूक नाही. फक्त वावर ओलं असलं की ट्रॅक्टर फसतो, आणि मग हरभरा पेरायला दुसऱ्याची जोडी मिळावी म्हणून त्याच्या ओसरीवर नको असलेला चहा पीत बसावं लागतं. पोळ्याला मी आता मातीचे बैल पुजते आणि शेजारची जोडी दारात आली की तिचे पाय धुऊन तिला पुरणपोळी चारते. बैल गेले, पुरण वाटणं काही गेलं नाही.

तर नातवाचा फोन आला. "आजी, यावर्षी माझा बैल फर्स्ट आला पाहिजे. तू ये." मागून सून म्हणाली, "आई, येताना पळसाच्या फांद्या आणाल का? इथं दहा मिनिटांत सगळं घरपोच येते, पळस तेवढा येत नाही."

पोळा फुटल्यावर, रात्री, मी बांधाबांध केली. पुरणपोळ्या, पळस, जुन्या लुगड्याच्या काठाची चिमुकली झूल आणि माळ्यावर पडून असलेली आमच्या ढवळ्याची घुंगरमाळ. खरं काम पुढेच होतं, ते म्हणजे ह्यांना घर समजावून सांगणं. या माणसाला बांधावरूनच संत्र्याच्या कोणत्या झाडावर कोळशी, म्हणजे तो काळा रोग, आली ते दिसते. मिठाचा डबा मात्र हाताला लागत नाही. कुकरच्या शिट्ट्या, विरजणाची वाटी, म्हशीची ढेप, सगळं सांगून झाल्यावर ह्यांनी विचारलं, "अवं, मंग तू येशीन कवा?"

सकाळच्या एसटीत कंडक्टरने माझ्या भाऱ्याकडे पाहिलं. "मावशी, झाडाचं हाफ तिकीट लागते." साठेक किलोमीटर मी तो भारा मांडीवर घेऊन बसले. त्यात नागपुरात मारबतीचा, म्हणजे इडापिडा घालवायला मोठाले पुतळे मिरवण्याचा दिवस. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, आणि त्या दिवशी इतवारी-महालाकडच्या रस्त्यावर त्यांच्यापुढे कोणाची गाडी चालत नाही. गणेशपेठच्या स्टँडवर उतरले तर पोराचा फोन. "आई, मी गर्दीच्या इकडे अडकलो. तू तिकडेच थांब." सगळं शहर "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" करून राहिलं होतं आणि मी डोक्यावर पळसाचा भारा घेऊन रस्त्याच्या कडेला उभी. एका पोरानं मलाही हात जोडले.

मनीषनगरच्या फ्लॅटवर पोचले तेव्हा बैल डायनिंग टेबलावर उभा होता. महालातून आणलेला, पांढरा, डोळे अजून काढायचे होते. ते मी काडेपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून काढले. झूल बसली. शिंगांना बेगड लागली. मग नातवाला ढवळ्याची घुंगरमाळ दिसली. आठ मणाचं ओझं ओढणाऱ्या बैलाची ती माळ त्याने या बैलाच्या गळ्यात टाकली. बैल तोंडावर आपटला, डावं शिंग खळकन मोडलं. त्यानंतरचा गळा काढून रडण्याचा कार्यक्रम सगळ्या मजल्यांनी ऐकला. शिंग फेविक्विकने बसवलं, ते थोडं मागे वळून बसलं. मी नातवाला सांगितलं की चपळ बैलाची शिंगं अशीच असतात. तो लगेच सगळ्यांना सांगत सुटला.

संध्याकाळी सोसायटीत स्पर्धा. बारकाली पोरं झाडून सारी शेतकरी झालेली. धोतर, फेटा, काजळाच्या मिशा, खांद्यावर थर्माकोलचा नांगर. ज्याला खरा शेतकरी म्हणावं तो तिकडे गावात बियाण्याच्या कंपनीने फुकट वाटलेला टी-शर्ट घालून मीठ शोधत होता. नातवाची पाळी आली. मी शिकवलेली झडती, म्हणजे पोळ्यात म्हणायचं गाणं, त्याने ठणठणीत म्हटली, "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!" परीक्षकबाई खूश झाल्या. म्हणाल्या, "शाब्बास! सांग बरं, शेतकरी काय काम करतो?"

"फोन करतो," नातू म्हणाला. "आजीला."

आणि तेवढ्यात वाजलाच. "म्हैस पान्हवून नाही राहिली," हे म्हणाले. "तुह्याच आवाजाची सवय आहे तिले. तू बोल, मी स्पीकर लावतो."

आता काय करता? मांडवाच्या मागे, साउंड बॉक्सच्या आडोशाला गेले आणि फोनवर म्हशीशी बोलले. "ये गं चंद्रे, हो हो हो, सोड माय, सोड गं बाई." नेमकं गाणं त्याच क्षणी थांबलं. समोरच्या रांगेतल्या दोघी-तिघी चांगल्या साड्यांमधल्या बाया मागे वळल्या. सुनेने वर बघितलं, जणू आकाशात विमान चाललंय. पलीकडून चरवीत धार वाजली आणि हे ओरडले, "सोडलं! सोडलं! बोलत राह्य!" मी बोलत राहिले. अर्धी चरवी होईपर्यंत चंद्रीला मी तिच्या वासराच्या, बागेच्या, पावसाच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या. इतकं सलग ह्यांच्याशीही कधी बोलले नसेन.

बक्षीस काही मिळालं नाही. पहिला नंबर ज्या बैलाचा आला तो नातवापेक्षा उंच होता आणि त्याच्या डोळ्यांत दिवे लागत होते. असा बैल दारात उभा राहिला तर मी बिचकून गोमूत्र शिंपडलं असतं, पण परीक्षक शहरातले. नातवाला उत्तेजनार्थ डबा मिळाला. तो त्याने बघितलासुद्धा नाही, कारण खरं आकर्षण पुढे होतं, बोजारा.

पहिल्या मजल्यापर्यंत बैल नातवाने ओढला. दुसऱ्या मजल्यावर तो माझ्या काखेत आला. तिसऱ्यावर फेटा माझ्या हातात, चौथ्यावर धोतर. नातवाकडे फक्त पैशांची पिशवी होती आणि ती त्याला अजिबात जड होत नव्हती. दार उघडलं की समोर घामाघूम मी, काखेत बैल, हातात धोतर, आणि माझ्यामागून चड्डीवरचा शेतकरी हात पुढे करणार. एका काकूंनी गोंधळून दहाची नोट माझ्याच तळव्यावर ठेवली. नातवाने ती बोट न लावता उचलावी तशी अलगद उचलली. लिफ्ट होती हो. पण लिफ्टने गेलं तर मधले मजले सुटतात, असं त्याचं गणित. आजोबांवर गेला आहे.

सातव्या मजल्यावर पुन्हा फोन. मीठ सापडलं होतं, कुठे ते मी विचारलं नाही. हे वैतागले होते, पारावर गप्पांत विषय निघाला होता. "जोडीवाला आत्तापासूनच हरभऱ्याच्या पेरणीचा भाव सांगून राहिला. पोळा झाला की ह्याइचे बैल सोन्याचे होतात."

नातवाने फोन ओढून घेतला. "आबा, माझा बैल न्या ना. शंभर रुपये रोज."

टोमॅटोच्या रोपांसाठीसुद्धा तासभर घासाघीस करणारा माणूस. ह्यांनी प्रकरण गंभीरपणे घेतलं. "एकटा बैल काय कामाचा बाप्पा? पेरणीले जोडी लागते."

नातवाने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "दुसऱ्या बाजूला आजी आहे ना."

पलीकडे थोडा हिशेब झाला असावा. मग हे म्हणाले, "जमते. पण आजीले उद्या सकाळच्याच गाडीनं पाठव, म्हैस थांबून आहे."