सुखी म्हातारपणासाठी आधी अंगठा सांभाळा

गेल्या रविवारी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका हॉलवर निवृत्तीच्या नियोजनाचा मेळावा होता. प्रवेश फुकट, वर एक पेन आणि कापडी पिशवी. व्याख्याता सत्तावीस-अठ्ठावीसचा, टाय लावलेला. समोर आम्ही शंभरेक जण, साठीच्या अलीकडं कोणी नाही. त्यानं पहिलंच वाक्य टाकलं, "नियोजन तिशीतच सुरू करायला हवं." शेजारच्या आण्णांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. तिशीत परत जायची गाडी कुठल्या स्टँडवरनं सुटते, तेवढं मात्र त्यानं सांगितलं नाही.

"लोकांना आपल्या पेन्शनमध्ये रसच नाही," असंही तो म्हणाला. खरं आहे. म्हणून तुमच्यात रस निर्माण व्हावा यासाठी अनुभवाचे चार बोल सांगतो. पेन आणि पिशवी मागू नका.

सगळ्यात आधी, जन्मल्याबरोबर स्वतःचं एकच नाव ठरवून घ्या. मी घेतलं नाही. शाळेच्या दाखल्यावर बाळू, आधारवर बाळासाहेब आणि कंपनीच्या क्लार्कला दोन्ही नावं कमी दर्जाची वाटली म्हणून रजिस्टरला बाळकृष्ण. सव्वीस वर्षं तिघांनी मिळून एकच डबा खाल्ला, एकच पगार घेतला, कोणाची तक्रार नव्हती. अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर प्रॉव्हिडंट फंडाच्या पेन्शनसाठी दहा-डीचा फॉर्म भरला तेव्हा कळलं की पेन्शन एकालाच मिळते आणि तो कोण हे तिघांनी आपसात ठरवायचं. मग नाव दुरुस्त करायचं जॉइंट डिक्लरेशन. त्यावर कंपनीची सही. सही करणारे साहेब लग्नाला गेलेले. कोल्हापुरात लग्नसराई किती महिने असते हे तुम्हाला सांगायला नको.

हातानं काम करू नका. केलंच तर अंगठा बाजूला ठेवून करा.

हे नीट ऐका, कारण सगळं घोडं इथंच पेंड खातं. मी फाउंड्रीत, फेटलिंगला. साच्यातनं ओतीव कास्टिंग बाहेर आलं की त्याचे कंगोरे ग्राइंडरवर काढायचे. कास्टिंगचे निघता निघता बोटांचेही निघतात. पेन्शन चालू राहावी म्हणून दर वर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो, त्यासाठी पंधरा दिवसांपूर्वी एका केंद्रावर गेलो. मशीनवर अंगठा ठेवला, लाल दिवा. पोरगं म्हणालं, "काका, पुसून ठेवा." पुसला. लाल. "थोडं तेल लावा." शेजारच्या सलूनमधनं खोबरेल आणलं, मशीन चिकट झालं, त्याबद्दल शिवी माझ्या वाट्याला. लाल. मग तर्जनी, मग करंगळी, मग डावा हात. दहाच्या दहा बोटं नापास. मागं रांगेत एक गुरुजी होते, त्यांचा एका झटक्यात हिरवा. खडू धरलेली बोटं ती, त्यांना काय होतंय! शेवटी मोबाइलसमोर उभं केलं. चेहऱ्यावरनं ओळख पटवायची. "काका, डोळे मिचकवा." मिचकवले. "हळू." हळू मिचकवले. "उजेडात या." रस्त्यावर आलो. भर दुपारी, रिक्षा स्टॉपसमोर, मी मोबाइलकडं बघून डोळे मारतोय आणि पलीकडं भाजी घ्यायला आलेल्या बायका माझ्याकडं बघतायत. इतकं करून स्क्रीनवर आलं, पुन्हा प्रयत्न करा. म्हणजे सव्वीस वर्षं लोखंड घासून जो अंगठा झिजला, तोच आता मी जिवंत असल्याची साक्ष देईना. आणि झिजलाय तो कोणासाठी? मेळाव्यात टाय लावून रस घ्यायला सांगणाऱ्यानं एकदा ग्राइंडरसमोर आठ तास उभं राहून दाखवावं, मग रसाचं बघू.

हयातीचा दाखला नोव्हेंबरातच द्या. ईपीएसवाल्यांना, म्हणजे आम्हा फंडाच्या पेन्शनवाल्यांना, तो वर्षात कधीही देता येतो आणि दिल्यापासून वर्षभर चालतो, पण मग रांगेत ओळखी कशा होणार?

फंडाचं पासबुक उघडू नका. उघडलंच तर तिसऱ्या, पेन्शनच्या रकान्याकडं बघू नका. कंपनी पगाराच्या बारा टक्के भरते, त्यातले ८.३३ तिथं जातात आणि त्यावर व्याज पडत नाही. पेन्शन त्या रकमेवर मिळतच नाही, सूत्रावर मिळते. पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. यातला पगार म्हणजे तुमचा पगार नव्हे, मर्यादेतला. आधी ६,५००, सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. ओव्हरटाइम करून घरी वीस हजार नेले असतील तर ते घरी नेलेत, सूत्रात नाही. माझा हिशेब चार हजारांच्या आतच बसला. किमान पेन्शन २०१४ साली १,००० ठरली, म्हणजे दिवसाला तेहतीस रुपये. एवढ्यात मिसळ नाही येत. कट वाढून मागता येईल, तोही शेजाऱ्यानं मिसळ घेतली असेल तर.

भिशी लावा. सोनं घ्या. पोरावर विसंबा.

व्याख्यात्यानं शेवटी बोर्डावर गणित मांडलं. "पंचवीस वर्षांपूर्वी दरमहा पाच हजार टाकले असते तर आज..." पुढचा आकडा इतका मोठा होता की बोर्ड पुरला नाही. तेव्हा माझा पगार अठ्ठावीसशे होता हे मी हात वर करून सांगितलं. तो हसला. आणि फॉर्म वाटले. दहा वर्षं हप्ता भरायचा होता, साठीच्या माणसानं!

हसतो काय? अरे, तुझ्या बापाच्या वयाची माणसं आहेत समोर. एका पिशवीच्या बदल्यात दहा वर्षांचा हप्ता गळ्यात मारायला लाज कशी वाटत नाही? आणि कंपनीतल्या त्या क्लार्कला एक नाव दाखल्यावरनं बघून लिहायला काय झालं होतं? माझी पहिली दोन वर्षं टेंपररी दाखवली, फंड कापलाच नाही. कोणाला विचारायचं? मीही तेव्हा विचारलं नाही, हीच चूक.

पण सगळ्यात जास्त राग येतो पुतण्याचा. गोकुळ शिरगावला चौथी कंपनी त्याची. दर वेळी सोडली की दहा-सीचा फॉर्म भरून पेन्शनचे पैसेसुद्धा काढून घेतले. एकदा मोटारसायकलला, एकदा मोबाइलला, एकदा गोव्याला. अरे मर्दा, दहा वर्षं भरली नाहीत तर महिन्याची पेन्शनच नाही! पैसे काढण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घेतलं असतंस तर आधीची वर्षं पुढं जोडली गेली असती. प्रत्येक वेळी पाटी पुसून शून्यापासनं सुरू करतोयस. काल समोर बसवलं, म्हटलं पासबुक काढ, नाव बघ, रुजू झाल्याची तारीख बघ, वारस लावलायस का बघ. तर म्हणतो, "काका, पासवर्ड विसरलोय."

मग नवीन घे की रे! अंगठा उमटतोय तोवर घे!