आदली रात्र अथेन्समध्ये काढा हो!

दर ऑगस्टला पर्यटकांचं तेच! सकाळी ग्रीसच्या सँटोरिनी बेटावरून बोट आणि त्याच संध्याकाळी अथेन्सहून परतीचं विमान. अहो, जुलै-ऑगस्टात एजियन समुद्रावर उत्तरेचा मेल्तेमी वारा सुटतो, तोही लख्ख उन्हात, कधीकधी सलग चार-पाच दिवस. आभाळ बघून काय कळणार? बोफर्टचा, म्हणजे वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या मापाचा आकडा बघा! ८ म्हणजे ताशी ६२ ते ७४ किलोमीटर. एवढ्या वाऱ्यात बंदरातून बोटी सोडत नाहीत, आणि हलक्या, वेगवान कॅटमरान (जोडसांगाड्याच्या बोटी) तर त्याहून कमी वाऱ्यातच रद्द होतात. मोठी फेरीबोट पिरेयसला, म्हणजे अथेन्सच्या बंदरात पोचायला साधारण ८ तास घेते, पण जास्त तग धरते. तीच घ्या, आणि एक दिवस आधी निघा. रद्द झालेल्या बोटीचे पैसे परत मिळतात. वेगळ्या तिकिटावरच्या, चुकलेल्या विमानाचे कोण देणार?