घरबसल्या स्पेन्सरांचा कुळवृत्तांत

परवा ब्रिटनच्या राजकुमारी डायनाच्या माहेरचा, म्हणजे स्पेन्सर घराण्याचा, 'हजार वर्षांचा गौरवशाली इतिहास' मराठीत वाचायला मिळाला. त्यात आठव्या हेन्रीच्या दरबारात एक बॅरोनेट होता, एका मामाचा काका झाला होता, आणि दोन वेगळे बाप व त्यांच्या दोन वेगळ्या लेकी मिळून एकच बापलेक उरले होते. खाली अडीचशे लोकांनी 'खूप अभ्यासपूर्ण' म्हणून हात जोडले होते. तेव्हा कळलं की हे काम आपण उगाच अवघड समजत होतो. ज्यांना असाच लेख पाडायचा आहे त्यांच्यासाठी ही कृती. साहित्य फार लागत नाही.

सुरुवात नेहमी १०६६ पासून करा. विल्यम नॉर्मंडीहून आला, त्याच्यासोबत आपल्या घराण्याचा मूळपुरुष घोड्यावर बसून आला, हे पहिल्या वाक्यात आलंच पाहिजे. स्पेन्सरांच्या बाबतीत तर सोय आयती आहे. मध्ययुगात दिस्पेन्सर नावाचे बडे उमराव होते, नाव जुळतं, आणखी काय हवं? ही वंशावळ १५९५ मध्ये क्लॅरेन्सो पदावरच्या रिचर्ड ली या हेरल्डने जुळवून दिली. हेरल्ड म्हणजे कुलचिन्हं आणि वंशावळी तपासणारा राजाचा अधिकारी. एवढ्या मोठ्या माणसाने सही केल्यावर आपण कोण शंका घेणारे? जे. एच. राउंड नावाच्या एका खवट अभ्यासकाने १९०१ मध्ये दाखवून दिलं की लीने वेगवेगळ्या कुटुंबांतली माणसं उचलून एकाखाली एक चिकटवली होती. पण तुम्ही राउंड वाचू नका. वाचलात तर पहिला परिच्छेदच जाईल.

त्याआधीचं, १५०४ चं, कुलचिन्हही वगळा. त्या वर्षी जॉन स्पेन्सरला निळ्या ढालीवर समुद्रपक्ष्यांची सहा मुंडकी असं कोरं करकरीत चिन्ह मिळालं होतं. घराणं खरोखर दिस्पेन्सरांचं असतं तर नवं चिन्ह मागायला का गेले असते, असा प्रश्न एखाद्या चोखंदळ वाचकाला पडू शकतो. त्यापेक्षा नंतर उचललेलं दिस्पेन्सरांचं चिन्ह, तिरक्या पट्ट्यावर तीन शिंपले टाकलेलं, मोठं करून छापा. रंगीत असलं म्हणजे झालं.

घराण्याचा पैसा मेंढ्यांतून आला, पण मेंढ्यांचा उल्लेख टाळा. शोभत नाही.

आता गंमत अशी की खुद्द स्पेन्सरांना मेंढ्यांची लाज नव्हती. १६२१ मध्ये लॉर्ड्सच्या सभागृहात अरुंडेलच्या अर्लने टोमणा मारला की आमचे पूर्वज पराक्रम गाजवत होते तेव्हा तुमचे मेंढ्या राखत होते. स्पेन्सरने उत्तर दिलं, माझे मेंढ्या राखत होते तेव्हा तुमचे राजद्रोहाचे कट करत होते. घराण्याच्या इतिहासातला सर्वांत देखणा प्रसंग हा, आणि तो त्या 'गौरवशाली' लेखात नाही, कारण तो घेतला की नॉर्मन घोडा लंगडतो.

पैशाचं बोलताना थेट आजच्या रुपयांत बोला. जॉन स्पेन्सरने १५०८ मध्ये ऑलथॉर्प, म्हणजे घराण्याचं पुढचं मुख्य ठाणं झालेली जहागीर, केट्सबी कुटुंबाकडून ८०० पौंडांना घेतलं. हा आकडा कोटींत फिरवला की वाचक खूश. खरं तर त्या काळी जमिनीची किंमत साधारण वार्षिक उत्पन्नाच्या वीसपट धरत. या हिशेबाने ८०० पौंड म्हणजे वर्षाला ४० पौंड देणारी जमीन. वर्षाला २० पौंडांची जमीन असणारा माणूस परगण्याचा न्यायदंडाधिकारी व्हायला पात्र ठरे, आणि ४० पौंडवाल्याला नाइटपद घे नाहीतर दंड भर असं सांगता येई. म्हणजे एका खरेदीत माणूस कुठून कुठे गेला ते कळतं. पण यात कोटी नाहीत, त्यामुळे सोडून द्या. मार्क दिसला तर त्याचाही पौंड करून टाका. मार्क १३ शिलिंग ४ पेन्सचा, म्हणजे पौंडाच्या दोन तृतीयांश, पण एवढ्याने कुणाचं काय बिघडतं?

जन्मतारीख अवश्य द्या, शक्यतो वारासकट. इंग्लंडमध्ये चर्चच्या नोंदवह्या ठेवायचा हुकूम टॉमस क्रॉमवेलने १५३८ मध्ये काढला. पुढे १५९८ मध्ये जुन्या कागदी वह्या चर्मपत्रावर उतरवायला सांगितलं, 'विशेषतः एलिझाबेथच्या राज्यारोहणापासूनच्या' असं म्हणून, तेव्हा अनेक गावांनी सोयीस्करपणे १५५८ पासूनचंच उतरवलं आणि मागचं गेलं. शिवाय नोंद असते ती बाप्तिस्म्याची, जन्माची नाही. हे सगळं खरं, तरी १४९० च्या दशकातल्या माणसाची तारीख तुम्हाला मिळेलच. कुठून, ते विचारू नये.

'सर जॉन' दिसला की नाइट समजा. ट्यूडर काळाच्या पूर्वार्धात पदवी नसलेल्या साध्या पाद्र्यालाही आदराने 'सर' म्हणत. पण पाद्र्याला लेकरं चिकटवायची हिंमत असेल तर वंश एका पिढीने वाढतो.

वर्ष कसं मोजायचं याची चिंता करू नका. इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, आणि हे १७५२ पर्यंत चाललं. राणी एलिझाबेथ गेली ती आपल्या हिशेबाने २४ मार्च १६०३ ला. त्यांच्या हिशेबाने तो १६०२ चा शेवटचा दिवस. आता समजा मृत्युपत्र लिहिलं १ फेब्रुवारी १५६० ला आणि ते न्यायालयात सिद्ध झालं २० एप्रिल १५६० ला, असं कागदावर आहे. जुन्या मोजणीत १५६० चा फेब्रुवारी एप्रिलनंतर दहा महिन्यांनी येतो. म्हणजे माणूस मेल्यावर मृत्युपत्र लिहायला बसला! अशा वेळी उत्तम उपाय म्हणजे एका माणसाचे दोन करणे, थोरला आणि धाकटा. कुठल्या तरी कारकुनाने एका तारखेचं वर्ष नव्या पद्धतीने फिरवलं आणि दुसरीचं राहिलं की काय, हे बघायला मूळ पान उघडावं लागतं. ते पान सेक्रेटरी लिपीत, म्हणजे त्या काळच्या कारकुनी हस्ताक्षरात असतं, आणि तिचं मोडीसारखंच आहे, शिकल्याशिवाय येत नाही. सुरुवातीला दोन एफ दिसले तर तो एकच मोठा एफ असतो, एवढं तरी. असो.

मृत्युपत्रात थोरल्या मुलाला फक्त चांदीची वाटी मिळाली असेल तर 'बापाने बेदखल केलं' असा ठळक मथळा द्या. जमीन त्याला वारसाहक्काने किंवा आधीच्या करारानेच जायची असते, म्हणून तिचा उल्लेख नसतो. लग्न झालेल्या लेकीचं नाव नसेल तर तिचा हुंडा आधीच चुकता झालेला असू शकतो. यातलं काहीही मथळ्यात मावत नाही.

आता मुख्य भाग: एकाच नावाची माणसं. इथेच खरी कसोटी, आणि इथेच आपल्या लेखाने कमाल केली आहे. ऑलथॉर्पच्या स्पेन्सरांत सर जॉन तीन. पहिला १५२२ मध्ये वारला. त्याचा मुलगा सर विल्यम १५३२ मध्ये. त्याचा मुलगा दुसरा सर जॉन, १५८६ मध्ये. त्याचा मुलगा तिसरा सर जॉन, १६०० मध्ये. त्याचा मुलगा रॉबर्ट, ज्याला १६०३ मध्ये बॅरन केलं. तोवर घराणं उमरावांत नव्हतंच, जेंट्रीत, म्हणजे उमरावांखालच्या जमीनदारांत होतं. इतकं सरळ आहे. पण तिघांचा एक केलात की एकाच माणसाने शंभर वर्षं मेंढ्या राखल्या असं होतं, म्हणून लेखकाने दोनच ठेवले, आणि राहिलेली जागा भरायला लंडनहून चौथा आणला!

हा चौथा सर जॉन स्पेन्सर लंडनचा व्यापारी, १५९४ मध्ये लॉर्ड मेयर, मूळचा सफकमधल्या वॉल्डिंगफील्डच्या कुटुंबातला, मृत्यू १६१० मध्ये. ऑलथॉर्पचा नव्हे. याच्या एकुलत्या एक लेकीचं नाव एलिझाबेथ. ऑलथॉर्पच्या दुसऱ्या सर जॉनलाही एलिझाबेथ नावाची लेक, पण ती जॉर्ज केरीची, पुढच्या लॉर्ड हन्सडनची, बायको. लंडनच्या एलिझाबेथने १५९९ मध्ये विल्यम, लॉर्ड कॉम्प्टनशी लग्न केलं. ती पाववाल्याच्या टोपलीत बसून पळाली अशी दंतकथा आहे, आणि लेकीला छळल्याबद्दल बापाला फ्लीट तुरुंगाची हवा खावी लागली. आता नीट ऐका. या विल्यमच्या बापाने, हेन्री कॉम्प्टनने, दुसरं लग्न केलं होतं ते ऑलथॉर्पच्या सर जॉनच्या दुसऱ्या लेकीशी, अ‍ॅनशी. म्हणजे ऑलथॉर्पची अ‍ॅन ही लंडनच्या एलिझाबेथची सावत्र सासू. दोघी स्पेन्सर, दोघींचा बाप सर जॉन, दोघी कॉम्प्टनांच्या घरात. घोटाळा व्हायला जागा आहे हे मान्य. पण म्हणूनच तर बाप कधी मेला, कुठे पुरला, बायको कोण, जमीन कोणत्या परगण्यात, या चार गोष्टी लिहून काढायच्या असतात ना? एक मेला १५८६ मध्ये. दुसरा १५९९ मध्ये तुरुंगात जिवंत आहे. मेलेल्या माणसाला तेरा वर्षांनी फ्लीटमध्ये कोंडता येत नाही! आणि लेखात काय? 'ऑलथॉर्पचे धनाढ्य सर जॉन यांची सुकन्या टोपलीतून पळाली.' टोपली तेवढी अचूक लिहिली आहे. टोपलीचाच तर पुरावा नाही!

हे वाचून कुणी म्हणेल, कवी एडमंड स्पेन्सरही याच घराण्याचा ना? त्याने ऑलथॉर्पच्या बहिणींशी नातं सांगितलं. त्याने सांगितलं, एवढंच.

शांत होऊन पुढची कृती. नाती मराठीत आणताना इंग्रजी शब्दकोश उघडा, 'अंकल' म्हणजे काका, 'कझिन' म्हणजे चुलतभाऊ, 'नेफ्यू' म्हणजे पुतण्या, संपलं. ट्यूडर कागदांत 'कझिन' पुतण्याला, भाच्याला, कुणाही लांबच्या नातलगाला म्हणत. 'ब्रदर' मेहुणाही असे, 'सन' जावईही, आणि लॅटिनमधला 'नेपोस' नातू की पुतण्या हे बाकीच्या कागदांवरून ठरवावं लागे. इंग्रजीत लिहिणारा यातून पळ काढू शकतो. मराठीत लिहिणाऱ्याला पळता येत नाही, कारण आपली भाषा विचारते: आईकडचा की बापाकडचा?

सर विल्यम १५३२ मध्ये वारला तेव्हा त्याचा मुलगा आठेक वर्षांचा होता. राजाकडून लष्करी सेवेच्या अटीवर मिळालेली जमीन असली की अज्ञान वारस २१ वर्षांचा होईपर्यंत त्याचं पालकत्व राजाकडे जाई, आणि राजा ते विकू शके. हे ठरवायला मृत्यूनंतर चौकशी बसे: राजाचा अधिकारी, स्थानिक ज्युरी, आणि लेखी नोंद की माणूस कधी मेला, जमीन कुठली, वारस कोण, त्याचं वय किती. वारस सज्ञान असेल तर 'एकवीस वर्षं आणि अधिक' असं मोघम लिहीत, कारण पुढे कुणाला पर्वा नसे. अज्ञान असेल तर बरेचदा महिन्यांचाही हिशेब देत, कारण त्यावर पैसा अवलंबून. या मुलावर राजाचा हक्क लागू नये म्हणून वॉरिक, लेस्टर आणि नॉर्दम्प्टनमध्ये जाहीर घोषणा करवणारा वकील एडमंड नाइटली फ्लीटमध्ये गेला. हा नाइटली मुलाच्या आईचा, सुझनचा, भाऊ. मामा! आपल्या लेखात तो 'काका सर एडमंड स्पेन्सर' झाला आहे आणि त्याला शिक्षा 'कोर्ट ऑफ वॉर्ड्स'ने, म्हणजे अशा अज्ञान वारसांचं बघणाऱ्या न्यायालयाने, दिली आहे. ते कोर्ट १५४० मध्ये स्थापन झालं. मामाचं आडनाव बदललं, नातं बदललं, आणि जन्मायच्या आत न्यायालयाने निकाल दिला.

पुरे झाली कृती. सरळ सांगायचं तर ही आळशीपणाची हद्द आहे. मालोजी आणि विठोजी भोसले हे एकच गृहस्थ असं कुणा इंग्रजाने छापलं तर तुम्ही दिवसभर त्याची अक्कल काढाल. मग दुसऱ्याच्या पूर्वजांना ही वागणूक का? ती लांबची आहेत म्हणून? मेलेली आहेत म्हणून? लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात कँटरबरीच्या धर्मपीठाच्या न्यायालयात नोंदलेली १३८४ पासूनची मृत्युपत्रं आहेत, प्रती घरबसल्या उतरवून घेता येतात. मृत्यूनंतरच्या चौकश्या तिथेच आहेत. हेरल्डांनी १५३० पासून परगणेवार फिरून टिपलेल्या वंशावळी छापून झाल्या आहेत, आणि त्यात आजोबांपर्यंतचं सहसा बरं असतं, त्यामागचं घरच्यांनी सांगितलेलं. अनेक छापील प्रती तर नंतरच्या लोकांनी भर घालून उतरवलेल्या आहेत. एका पिढीला एक कागद, ज्यात बाप आणि मुलगा दोघांची नावं आहेत, एवढंच मागणं आहे. नसेल तर तिथे थांबा. तिथे थांबणं म्हणजे अपमान नाही. 'कुलचिन्ह' या मराठी शब्दाने फसून आडनावाला ढाल वाटू नका. ती एका माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळालेली असते, सगळ्या स्पेन्सरांना नाही.

हे सगळं जमायला वेळ लागेल, ठाऊक आहे. तोवर निदान तो बॅरोनेट खोडा. ही पदवी पहिल्या जेम्सने १६११ मध्ये काढली, तीस सैनिकांचा तीन वर्षांचा पगार, म्हणजे १०९५ पौंड, घेऊन. आठवा हेन्री १५४७ मध्ये मेला होता.