निरसं दूध ‘जिवंत’ आणि तापवलेलं ‘मृत’? दावा मुद्द्यामुद्द्याने तपासू

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका संदेशाचं म्हणणं थोडक्यात असं आहे: पाश्चरीकरणाने (दूध ठरावीक तापमानाला थोडा वेळ तापवून जंतू मारण्याने) दूध मृत होतं, त्यातलं कॅल्शियम आणि एन्झाइम नष्ट होतात. आपले पूर्वज धारोष्ण दूध पिऊन ठणठणीत राहिले. गाय देशी आणि गोठा स्वच्छ असेल तर निरशा दुधात रोगजंतू असूच शकत नाहीत. पाश्चरीकरण म्हणजे डेअऱ्यांचा धंदा. आणि शेवटी सल्ला: मुलांना आजपासून दूध न तापवता द्या. हा सल्ला कुणी खरोखर पाळला तर काय होऊ शकतं, याची मला काळजी वाटते. म्हणून हे उत्तर.

सगळ्यांत घातक मुद्दा स्वच्छ गोठ्याचा आहे, कारण तो अर्धा खरा आहे. कास धुतली, हात आणि भांडी स्वच्छ ठेवली तर शेणातून दुधात जाणारे जंतू कमी होतात, यात वाद नाही. पण ब्रुसेला हा जनावरांतून माणसांत येऊन ताप आणणारा जंतू बाहेरून पडत नाही, तो जनावराच्या कासेतूनच दुधात उतरतो. लागण झालेली गाय गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत गाभडते, एवढीच काय ती खूण. पुढच्या वेतात ती नीट विते, चारा खाते, भरपूर दूध देते आणि अधूनमधून त्या दुधातून जंतू सोडत राहते. गोवंशातल्या क्षयाचे जंतूही असेच दुधात येऊ शकतात. दुधाचा रंग, वास, चव काहीच बदलत नाही. प्रामाणिक, कष्टाळू गवळ्यालाही हे दिसणं शक्य नाही. देशी गाय याला अपवाद नाही. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेलाची लस देतात, ती जात पाहून नाही.

माल्टा बेटावर हा धडा फार आधी मिळाला. तिथल्या ब्रिटिश सैनिकांना महिनोन्‌महिने चढउताराचा ताप यायचा. ब्रिटिश लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ साली त्याचा जंतू, म्हणजेच ब्रुसेला, शोधला, पण तो येतो कुठून हे कळेना. १९०५ साली माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लीस झामित यांना तो शेळ्यांमध्ये सापडला. दिसायला त्या शेळ्या अगदी धडधाकट होत्या. शिवाय माल्टात गवळी शेळ्या दारोदार नेऊन गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून द्यायचे. म्हणजे संदेश ज्याची हमी देतो ते सगळं तिथे होतं: ताजं, भेसळ नसलेलं, समोर काढलेलं दूध. १९०६ साली सैनिकांचं शेळीचं दूध बंद केलं आणि त्यांच्यातला ताप झपाट्याने ओसरला.

आता पूर्वजांविषयी. आयुर्वेदात धारोष्ण दुधाची स्तुती आहे आणि खेड्यांत काही जण ते पीतही. पण आपल्या घरांची रीत कोणती? दूध आलं की आधी तापवायचं, मग बाकीची कामं. साय तापवलेल्या दुधावर धरते, विरजणही त्यालाच लावतात. परंपरेचा दाखला द्यायचाच तर ही रीत विसरून कसं चालेल? आणि ज्यांना दुधातून ताप आला त्यांची नोंद ‘मुदतीचा ताप’ म्हणून झाली असेल तर ते आज मोजायचे कसे?

कॅल्शियमचा मुद्दा लवकर संपतो. ते खनिज आहे, ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून नष्ट होत नाही. ब-१, ब-१२ आणि क जीवनसत्त्वं थोडी घटतात, पण क दुधात मुळातच नगण्य असतं. एन्झाइमपैकी अल्कलाइन फॉस्फटेज नष्ट होतं हे खरंच. आपल्या पचनाला त्याची गरज नसते, उलट ते गेलं की नाही हे पाहूनच पाश्चरीकरण नीट झाल्याची खात्री करतात.

विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा या संदेशात नाहीच, तो मीच मांडते. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधल्या ग्रामीण मुलांचा ‘गॅब्रिएला’ अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. शेतावरचं न तापवलेलं दूध पिणाऱ्या मुलांत दमा कमी आढळला. पण हा संबंध दुधातल्या जंतूंच्या संख्येशी जुळला नाही, निवळीतल्या प्रथिनांशी जुळला. त्याआधी, २००७ साली, असाच संबंध मांडणाऱ्या युरोपीय संशोधकांनीच स्पष्ट लिहिलं होतं की रोगजंतूंच्या शक्यतेमुळे निरसं दूध पिण्याची शिफारस करता येणार नाही.

डेअऱ्यांवर टीका जरूर व्हावी. उष्णतेने जंतू मरतात, पण स्टॅफिलोकॉकस या जंतूने आधीच सोडलेलं विष टिकतं. जपानमध्ये २००० साली अशा विषामुळे स्नो ब्रँडच्या दुधातून १३ हजारांहून अधिक लोक आजारी पडले. मूळ कारण काय, तर कारखान्यात वीज गेली आणि दूध बराच वेळ कोमट राहिलं. आपल्याकडे एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, त्यांतल्या ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीजन्य विष मर्यादेपेक्षा जास्त होतं, आणि हे प्रमाण प्रक्रिया केलेल्या दुधात अधिक होतं. ते बुरशी लागलेल्या चाऱ्यातून येतं. दूध तापवून ते जात नाही आणि दूध निरसं प्यायल्यानेही टळत नाही. ही दोन्ही विषं टाळायची तर चारा कोरडा ठेवायला हवा, पशुखाद्याची तपासणी व्हायला हवी आणि धार काढल्यावर दूध लगेच थंड व्हायला हवं. दबाव आणायचा तर या गोष्टींसाठी आणू.

गोठ्यातून सुटं दूध घेत असाल तर खुशाल घ्या, फक्त ढवळत एक पुरती उकळी येऊ द्या. तासभर आटवायची गरज नाही. गार झालं की फ्रिजमध्ये ठेवा. आणि घरात कुणी निरसं दूध पीत असेल, संध्याकाळी ताप चढत असेल, रात्री दरदरून घाम येत असेल, सांधे आणि कंबर धरत असेल, तर डॉक्टरांना दुधाचं आपणहून सांगा. ब्रुसेलोसिस, म्हणजे ब्रुसेलाने होणारा आजार, टायफॉइड किंवा क्षयासारखा भासतो, त्याची तपासणी वेगळी असते आणि औषधं साधारण सहा आठवडे घ्यावी लागतात.