गाईला कुठे बी-१२ ची गोळी लागते?

'गाय नुसतं गवत खाते, तिला कुठे बी-१२ ची गोळी लागते? आपल्याही आतड्यात तेच जिवाणू आहेत. सस्तन प्राण्यांचं शरीर इथून तिथून सारखंच; शाकाहाऱ्यांची कमतरता हा औषधवाल्यांचा बागुलबुवा.' हा मजकूर नातेवाइकांच्या ग्रुपवर चौथ्यांदा आला, म्हणून एकदाचं लिहितो.

गवतात बी-१२ नसतं. ते गाईच्या कोटीपोटातले (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले) जिवाणू बनवतात, तेही कोबाल्ट मिळालं तरच. न्यूझीलंडमध्ये हिरव्यागार कुरणात मेंढ्या खंगून मरायच्या. मातीत कोबाल्टच कमी आहे हे १९३०च्या दशकात कळलं. आपल्याकडे गोठ्यात येणाऱ्या खनिज मिश्रणाच्या पाकिटावर घटक वाचा, कोबाल्ट सापडेल. म्हणजे गाईलाही 'गोळी' लागतेच.

आपल्या आतड्यात जिवाणू आहेत, हे खरं. पण कुठे? बहुतेक मोठ्या आतड्यात. बी-१२ शरीरात एकटं फिरत नाही, प्रथिनांच्या खांद्यावरून जातं. लाळेतलं हॅप्टोकॉरिन त्याला जठराच्या आम्लातून सुखरूप नेतं. पुढे स्वादुपिंडाचा रस हॅप्टोकॉरिन तोडतो आणि जठरात तयार झालेला इंट्रिन्सिक फॅक्टर बी-१२ उचलतो. या जोडीला ओळखून आत घेणारे ग्राही आहेत लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात. थांबा मागे राहिला आणि माल पुढे तयार झाला, तर उचलणार कोण? गाईचा कारखाना थांब्याच्या आधी आहे. सशाची अडचण आपल्यासारखीच, म्हणून तो स्वतःची मऊ लेंडी पुन्हा खातो. हा उपाय ग्रुपवर अजून कोणी सुचवलेला नाही.

आता 'शरीर सारखंच'. मांजरात इंट्रिन्सिक फॅक्टर स्वादुपिंडात बनतो, कुत्र्यात मुख्यतः तिथेच, माणसात जठरात. त्यामुळे मांजराचं स्वादुपिंड बिघडलं की बी-१२ घसरतं. माणसांत जठर काढलेल्यांना हा त्रास होतो. आईच्या दुधात बी-१२ हॅप्टोकॉरिनला बांधलेलं असतं, गाईच्या दुधात ट्रान्सकोबालामिन या दुसऱ्याच प्रथिनाला. उलट डुकराचा इंट्रिन्सिक फॅक्टर माणसात चालतो, एके काळी तो औषध म्हणून दिला जाई. थोडक्यात, प्राणीगणिक तपासावं लागतं.

राहिला बागुलबुवा. कंपन्या नफा कमावतात, वाद नाही. पण इंट्रिन्सिक फॅक्टर नसतानाही मोठ्या डोसचा साधारण १ टक्का थेट झिरपतो: १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून १० च्या आसपास. रोजची गरज २ ते २.५. गाईच्या दुधाच्या २०० मिलिलिटरच्या पेल्यात एकच्या आतबाहेर. आता आपण दिवसाला किती पेले दूध पितो, ते ज्याने त्याने मोजावं. चहातलं धरू नये.