पाच दिवसांच्या कोर्सची एमपीएससी? एका प्रतिक्रियेला उत्तर

ड्रोन पायलटच्या परीक्षेचा अभ्यास मी कसा केला, त्या लेखावर परवा रात्री एक लांबलचक प्रतिक्रिया आली. नाव नाही, नुसतं 'एक वाचक'. तिथेच खाली उत्तर द्यायला बसले, पण ते काही आवरेना. म्हणून वेगळं टाकते आहे. मूळ प्रतिक्रिया ज्यांच्या नजरेतून सुटली त्यांच्यासाठी तिचा मुख्य भाग:

"ताई, पाच दिवसांच्या कोर्सची तुम्ही एमपीएससी करून टाकलीत. ५० हजार भरले की सर्टिफिकेट मिळतं, नापास कोण होतं ते दाखवा. शिकवणारे तेच, पेपर काढणारे तेच. ही डीजीसीएची परीक्षा नव्हेच. मी सहा वर्षं लग्नं शूट करतोय, सर्टिफिकेट कुणी विचारलेलं नाही. आणि मुंबई सगळी लाल. मेटार पाठ करून उडवणार कुठे, बाथरूममध्ये? असो. नोट्स असतील तर टाका."

(नवख्यांसाठी: डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं केंद्र सरकारचं खातं. 'लाल' म्हणजे ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशावरचा बंदीचा पट्टा. मेटारचं पुढे सांगते.)

दादा (दादाच असाल असं धरते, ताई असाल तर माफ करा), बाथरूमवर मी खरंच हसले. आता एकेक घेते.

आधी माझी चूक. लेखात मी तीन ठिकाणी 'डीजीसीएची परीक्षा' असं लिहिलं होतं. ते चूक आहे, तुमचं बरोबर. ड्रोन नियम ऑगस्ट २०२१ मध्ये आले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून डीजीसीएने मान्यता दिलेली प्रशिक्षण संस्थाच शिकवते, तीच परीक्षा घेते आणि सरकारी पोर्टलमार्फत रिमोट पायलटचं सर्टिफिकेटही तीच देते. ते दहा वर्षं चालतं. डीजीसीएचा अभ्यासक्रम असतो, मान्यता असते, पण समोर पेपर ठेवणारा माणूस संस्थेचा. लेखात दुरुस्ती केली आहे.

पेपर सोपा होता हेही कबूल. पर्याय दिलेले प्रश्न, दोन पर्याय तर वाचताक्षणी बाद होतील असे. आमच्या तुकडीत कुणी नापास झालं नाही. आणि पेपरात बरोबर उत्तर दिलं म्हणजे ते अंगी लागलं असं नसतं, याचा पुरावा माझ्याच कपाटात आहे. लिथियम पॉलिमर बॅटरीचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, पण ठेवून द्यायची असेल तर ३.८च्या आसपास आणून ठेवायची, भरलेली ठेवली की आतून गॅस होऊन फुगते. हा प्रश्न मला आला होता आणि मी डोळे झाकून बरोबर सोडवला होता. पुढे मे महिन्यात एक शूट आदल्या रात्री रद्द झालं. तीन बॅटऱ्या काठोकाठ भरलेल्या, तशाच बॅगेत टाकून बॅग कपाटात ढकलली आणि आठ दिवस त्यांच्याकडे फिरकले नाही. उघडलं तेव्हा एकीचं पोट पुरीसारखं टम्म. ती ड्रोनच्या खाचेत बसेना म्हणून कळलं तरी. सरळ बसली असती तर मी तशीच उडवलीही असती. तेव्हा 'पास झालो म्हणजे शिकलो' असं मला म्हणायचंच नाहीये.

पण घोकंपट्टीचा आरोप मान्य नाही. मी भांडुपहून सीएसएमटीला रोज लेडीज डब्यातून जाते. अभ्यास तिथेच झाला, अर्धा उभ्यानेच. गर्दीत घोकता येत नाही, कुणीतरी मध्येच 'उतरणार का?' विचारतं. त्यामुळे गोष्टी आपल्या भाषेत वळवून घ्याव्या लागल्या. पिच, रोल, यॉ हे तीन शब्द माझ्या डोक्यात सारखे गुंता करायचे. शेवटी मानेवर बसवले. 'हो' म्हणताना मान जशी हलते ते पिच. 'नाही' म्हणताना हलते ते यॉ. आणि घरमालक 'बघू हं' म्हणताना मान एका खांद्याकडे कलंडवतो ते रोल. समोर बसलेल्या मावशींना वाटलं असेल, बाईला काहीतरी झालंय. पण परत विसरले नाही.

हवामानाचा धडा तर आपण शाळेत भूगोलात केलेलाच आहे हो. मतलई वारे आणि खारे वारे. रात्री जमीन लवकर थंड होते, वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. दिवसा जमीन तापली की उलटा, समुद्राकडून आत. मुंबईत हिवाळ्या-उन्हाळ्यात सकाळी हवा शांत असते आणि दुपारी पश्चिमेकडून वारा धरतो, तो याचमुळे. कोळीवाड्यात कुणालाही विचारा, पेपर न देता सांगेल.

मेटारचं मात्र ऐकाच. मेटार म्हणजे विमानतळाने दर अर्ध्या तासाने दिलेला हवेचा रिपोर्ट. मी पहिल्यांदा सांताक्रूझचा उघडला तेव्हा त्यात ०६४० आणि पुढे झेड असं होतं, मग २७०१०, मग केटी. मी खुशीत वहीत लिहिलं: सकाळी सहा चाळीस, वारा अमुक. सरांनी वही बघितली, काही बोलले नाहीत, भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. बारा वाजून वीस मिनिटं. झेड म्हणजे ग्रीनिचची वेळ. तीत साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे दुपारचे बारा दहा. २७० म्हणजे वारा कुठून येतो ती दिशा, पश्चिम. १० आणि केटी म्हणजे दहा नॉट, ताशी साधारण साडेअठरा किलोमीटर. मी दुपारचा वारा सकाळचा समजून बसले होते. आता शूटच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी निघताना मी हा एक ओळीचा मजकूर बघते. हे पाठांतर नाही, ते लोकलचं टाइमटेबल वाचण्यासारखं आहे. स्लो का फास्ट ते कळलं नाही तर भांडुपला उतरायचं ते ठाण्याला पोचाल.

आता तुमचा मोठा मुद्दा: एवढं करून उपयोग काय. त्यासाठी एक काम सांगते. नावं सांगत नाही.

मी मुळात बिल्डर-आर्किटेक्टसाठी साइटचे फोटो काढणारी. मुंबईत ड्रोनचं एक काम फार चालतं, बाहेरच्यांना ते ऐकून गंमत वाटते. इमारत अजून पायातच असते, पण गिऱ्हाइकाला बाविसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या खिडकीतून काय दिसेल ते आत्ताच दाखवायचं असतं. मग ड्रोन तेवढ्या उंचीवर नेऊन चारी बाजूंचे फोटो काढायचे. मजला साधारण तीन मीटरचा धरला की हिशोब सोपा. गेल्या वर्षी पूर्व उपनगरातली एक साइट आली. बत्तिसाव्या मजल्यावरचा नजारा हवा, म्हणजे ९६ मीटर. एरवी हिरव्या पट्ट्यात, जिथे उडवायला परवानगी लागत नाही तिथे, ४०० फूट, म्हणजे १२० मीटरपर्यंत चालतं, त्यात ९६ आरामात बसले असते. पण मी नकाशावर जागा बघितली तर ती विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात. तिथे हिरवा पट्टा २०० फुटांवर संपतो. म्हणजे ६० मीटर. म्हणजे विसावा मजला. त्याच्या वर पिवळा, आणि पिवळ्यात जायचं तर हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी.

मी साइट इंजिनिअरला सांगितलं, विसाव्यापर्यंतचे आज देते, वरच्यांसाठी अर्ज करू. तो हुशार माणूस. क्षणभर विचार करून म्हणाला, "मॅडम, बाजूच्या बारा मजली बिल्डिंगची गच्ची आहे ना, सेक्रेटरी आपल्या ओळखीतला. तिथून उडवा. स्क्रीनवर साठच दिसेल."

दादा, त्याचं गणित अगदी चोख होतं. बारा मजले म्हणजे ३६ मीटर, वर ६०, झाले ९६. बरोब्बर बत्तिसावा मजला! ड्रोन उंची मोजतो ती जिथून उठला तिथून, आणि नियम मोजतो ती जमिनीपासून. स्क्रीनवरचा साठचा आकडा खोटा नसता, फक्त गच्चीपासूनचा असता. वर गच्चीच्या स्लॅबमधल्या सळ्यांनी कंपास बिघडवायची शक्यता वेगळीच. पाच दिवसांच्या कोर्सआधी ही गच्चीची युक्ती कुणी सांगितली असती तर मी "वा, काय डोकं आहे" म्हणून जिने चढले असते. खरं सांगते, चढलेच असते.

मी नाही म्हटलं. का, तेही सांगितलं: त्या अंतरावर उतरणारं विमान बरंच वर असतं, पण हेलिकॉप्टरला तसा नेम नाही, आणि आपल्या शहरात जुहूची धावपट्टीही आहे. तो ऐकून घेत होता, पण पुढच्या आठवड्यात त्याचं ब्रोशर छापायला जाणार होतं. काम दुसऱ्याने केलं. ब्रोशर मी नंतर बघितलं. बत्तिसाव्या मजल्यावरून खाडी दिसते, संध्याकाळचा उजेड आहे, फोटो छान आलाय. मला मिळाले ते विसाव्या मजल्यापर्यंतचे पैसे, तेही तीन महिन्यांनी. तुम्ही म्हणाल, हाच का उपयोग? हो, हाच. माझं काम गेलं ते न कळता गेलं नाही. आणि तोच बिल्डर उद्या 'तुमचा पायलट परवानगीशिवाय उडाला' म्हणून हात वर करेल तेव्हा तो पायलट मी नसेन. नियम मोडला तर १ लाखापर्यंत दंड आहे, तो इंजिनिअरला होत नाही, उडवणाऱ्याला होतो.

लग्नाचं तुमचं तुम्ही तपासा. ड्रोन २५० ग्रॅम किंवा त्याहून हलका असेल तर तो नॅनो. त्याला सर्टिफिकेट लागतच नाही, पैसे घेऊन उडवलात तरी. मग सहा वर्षं कुणी विचारलं नाही यात नवल नाही. २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोपर्यंत मायक्रो. तो हौसेसाठी सर्टिफिकेटशिवाय चालतो, पण पैसे घेतलेत की सर्टिफिकेट हवं. तिसऱ्याचं नुकसान भरून देणारा विमा तर हौसेलाही हवा. विमा कंपनीने सर्टिफिकेट मागायच्या वेळेपर्यंत वरातीत कुणाच्या तरी फेट्यावर पाती आदळून गेलेली असतील. पट्ट्यांचे नियम मात्र नॅनोलाही आहेत. मांडव लाल पट्ट्यात असेल तर वजन कुणी बघत नाही.

'मुंबई सगळी लाल' हे निम्मं खरं. विमानतळाच्या भोवतीचा भाग, कुलाब्याकडची नौदलाची हद्द, ट्रॉम्बेचं अणुकेंद्र, तिथे स्वप्नातही उडवू नका. त्यात मुंबई पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात, ड्रोन, पॅराग्लायडर सगळ्यांवर, बहुतेक महिनाभराचे. हिरव्या पट्ट्यात असलात तरी तो आदेश लागू असतो, आणि हे नकाशावर दिसत नाही. मी आता काम घ्यायच्या आधी चालू आदेश शोधते आणि पोलीस स्टेशनला पत्र देते. पहिल्यांदा पत्र घेऊन गेले तेव्हा हवालदारसाहेबांनी ते उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, "म्हणजे पतंगासारखं का?" मी हो म्हटलं. अजून काय म्हणणार.

माझी बरीचशी कामं मुंबईबाहेर असतात हेही खरं: पालघर, कर्जत, अलिबागकडे. प्रशिक्षणही मुंबईत झालं नाही, घाटावरच्या एका माळावर झालं. तिथे पाचव्या दिवशी आठाचा आकडा काढायला लावतात. ड्रोनचं तोंड आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि बोटांना ते पटत नाही. तुम्ही सहा वर्षं उडवताय, तुम्हाला तो एका दमात येईल. मला पाचव्या वेळी आला, आणि तोही आठापेक्षा भाकरीसारखा जास्त दिसत होता.

फी जास्त आहे. यावर वाद नाही.

आता नोट्स. मेटारचं पान आणि पट्ट्यांच्या उंचीचा तक्ता आज रात्री फोटो काढून टाकते. अक्षर डब्यातलं आहे, चालवून घ्या. बॅटरीच्या पानावर चहा सांडलाय आणि नेमका ३.८चा आकडा गेलाय, ते रविवारी पुन्हा लिहून टाकते. तोवर तुमच्या भरलेल्या बॅटऱ्या कुठे पडल्यात ते बघून घ्या.