आधी चिठ्ठी, मग चर्चा

'सविस्तर चर्चा होऊन एकमताने ठरलं.' आपल्या इंदूरच्या कुठल्याही मराठी मंडळाचं इतिवृत्त उघडा, हे वाक्य सापडणारच. एकमत होतं हे मान्य. चर्चा होते, हे मला मान्य नाही.

यंदाची आमची गणपतीची बैठक घ्या. शनिवारी मराठी नाटक की हिंदी ऑर्केस्ट्रा, एवढाच प्रश्न. चहा यायच्या आत सगळ्यांत ज्येष्ठ काका म्हणाले, "अहो, आजकालच्या पोरांना नाटक कुठे समजतं? ऑर्केस्ट्राच लावा." पुढचा प्रत्येक जण "काका म्हणतात ते बरोबर, पण..." असं म्हणाला आणि त्या 'पण'वरच थांबला. झाला ठराव. खाली गाड्या काढताना मात्र तीच मंडळी कुजबुजत होती, "नाटक हवं होतं यार. पण काकांसमोर कोण बोलणार?"

काकांवर राग नाही. वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन अजून तेच जिने चढतात. पण ते पहिले बोलले, तिथेच बैठक संपली.

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाचे १९५१ चे प्रयोग प्रसिद्ध आहेत. तीन रेघांपैकी कोणती नमुन्याएवढी आहे, ते सांगायचं. लहान मूलही सांगेल! पण गटात खरी परीक्षा एकाचीच, बाकीचे सगळे पढवलेले, ते मुद्दाम चुकीचं उत्तर द्यायचे. अशा फेऱ्यांत सुमारे एक तृतीयांश उत्तरं त्यांच्या मागे गेली. तिथे ना काका होते, ना वर्गणी. हे सगळे सांगतात. मला पुढचं महत्त्वाचं वाटतं. उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायला दिलं, तेव्हा हे वाहवत जाणं बरंच कमी झालं. आणि पढवलेल्यांतला एक जण जरी वेगळं बोलला, तरी परीक्षा देणाऱ्या त्या बिचाऱ्याला कंठ फुटायचा.

आपापलं लिहिलं की काय होतं, तेही बघा. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथच्या पशुप्रदर्शनातल्या ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. बैल कापून साफ केल्यावर किती भरेल, याचे लोकांनी आपापले लिहिलेले अंदाज (हे उदाहरण बैठकीत नका सांगू). सगळे अंदाज ओळीने लावल्यावर मधोमध आलेला अंदाज १,२०७ पौंड, खरं वजन १,१९८.

"चिठ्ठ्या म्हणजे मंडळात फूट," असं कोणीतरी म्हणेलच. अहो, मी मतदान मागतच नाहीये. आधी लिहा, चिठ्ठ्या वाचून दाखवा, मग हवं तेवढं भांडा. पटलं तर मत खुशाल बदला. बोलायची सुरुवात कॉलेजातल्या पोरांपासून, काका सगळ्यांत शेवटी.

कोजागिरीच्या बैठकीला कागद-पेनं मी आणतो. कचोरी कोणाकडची, ते मात्र काकांनीच ठरवावं, त्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.